उंबरठ्यावरचा डब्बा

बसा जी बाई, त्या चटईवर बसा, खाली थंड हाय. काय सांगू तुमाले, माहं गाव साकोलीच्या अलीकडे, सडकेपासून आत, सारा धानाचा मुलूख, बापाच्या चार बांध्या अन् तलावाचं पानी, माय माही भात रांधे अन् आमी खाओ, त्याच्यापलीकडे दुनिया हाय हे मले लगन होईपर्यंत मालूमच नोहतं. लगन बाजूच्या गावात झालं. त्यायचं नाव मी कधी तोंडावाटे काढलं नाही, लगनात बाया मांगं लागल्या तवा एकडाव उखान्यात घेतलं असन तेवढंच, पन आता घेते, आता घेतलं त काही बिघडत नाही, कारन ते नाव आता कोनाचंच नाही. डोमाजी. पाहा, आजबी जीभ अडते.

त्यायले लहानपनापासून दमा. धान चुरायच्या दिवसांत भुसा उडे अन् हे खाटेवर उकिडवे बसून तोंड उघडून श्वास ओढत राहे, सासरा म्हने हा पोरगा कास्तकारीचा नाही, याले नोकरीले लावा. तवाच कोनीतरी सांगत आलं का दुर्गच्या पुढे भिलाईले लोखंडाचा कारखाना बांधून राहिले, मानूस दिसला का कामावर घेते. मंग आमी आलो. भुशापासून पळालो अन् आलो कुठं, त मुरमाच्या धुळीत! तवा भिलाई म्हंजे काय होतं जी, नुसता मुरूम, नुसत्या मशिनी, लाल धूळ अशी का भाकर थापली त भाकरीवर लाल पापुद्रा येत होता. मी सासऱ्याले शिव्या देओ मनातल्या मनात, का बुढ्यानं बरी जागा शोधली दमेकऱ्याले.

पहिले कॅम्पातल्या झोपडीत राहिलो. इकडे तेलगू, तिकडे पंजाबी, मांगच्या बाजूले मलबारी, कोनाची बोली कोनाले समजत नाही, नळावर भांडन झालं त ज्याले त्याले आपापल्या बोलीत शिव्या द्या लागे अन् समोरचीले समजत नसे, त्याच्यानं भांडन लवकर मिटे. छत्तीसगढी बायायसंगं मीबी गिट्टीचे घमेले उचलले. रशियन साहेब लोकं यायचे, लाललाल तोंडाचे, उन्हात टोपी घालून फिरत राहे, आमी बाया पदर तोंडाले लावून हासो. अन् जमिनीतून लोखंडाचे खांब वर वर चढत जाय. हे खलाशी होते. खलाशी म्हंजे जहाजावरचा नाही, लोखंड वर चढवाचं काम त्याले तिथं खलाशी म्हनत. दम्यामुळे त्यायले वर चढू देत नोहते, ते खाली उभे राहून साखळ्या बांधत, अन् वरचे लोकं ओढत. मंग कारखान्यात पक्के झाले अन् सेक्टरमंधी क्वार्टर भेटला.

तो क्वार्टर, बाई! दोन खोल्या, मांगं आंगन, आंगनात नळ, तो नळ माह्या एकटीचा, कोनाचा नंबर नाही लावाचा. बटन दाबलं का दिवा. मी कितीक दिवस उगाच बटन दाबून पाहो. उंबरठा सिमेंटचा होता, सिमेंटचा उंबरठा कोनी सारवते का, पन मी सारवला शेनानं, बाजूची बंगालीन पाहून नाक मुरडत गेली. लेकरू राहिलं नाही आमाले. दोन झाले अन् दोन्ही गेले, त्याचं काही सांगत नाही मी तुमाले, ते दुसरं दुःख हाय, त्याले ह्याच्यात आनू नका. पन दोघं होतो अन् घर होतं, एवढं मले पुरत होतं.

आता डब्ब्याचं सांगते, हे नीट आयका. कामावरचे ते बूट, जड, लांब नाड्यायचे. ते घालाले हे खाली वाकत अन् नाड्या बांधता बांधता त्यायचा दम भरून ये, छातीत शिट्टी वाजे. म्हनून बूट एकडाव बांधले का मंग सोडाचे नाही, अन् बूट घालून माह्या घरात याचं नाही, आत चूल होती, देव होते. त हे पायरीवर उभे राहत, बाहेर. भात त्यायले उनउनीत पायजे, कारखान्याचा भोंगा वाजाच्या टाइमालेच चुलीवरून उतरलेला. मंग ते उंबरठ्यापल्याड उभे राहून मोकळा डब्बा दोन्ही हातानं समोर धरत, मी आतून वाढो. भात, वरतून वरन, बाजूले भाजी. ते काही बोलत नसत, बोलाले दम कुठून आनाचा. मीबी बोलत नसो. झाकन लावलं का ते वळले अन् सायकलवर बसले. रोज. सकाळची पाळी असो का दुपारची, सनवार असो का काही असो, डब्बा समोर आला का माहा हात आपोआप पातेल्यात जाय. मानूस अन् बाई एकमेकांसंगं कितीक वर्षं बोलले नाही तरी असं एखादं काम राहते ना, का त्याच्यातच सारं बोलनं होते, तसं आमचं ते होतं.

दमा काही जाईना. दवाखाना झाला, काढे झाले, जिती मासोळी गिळाचं औषधबी झालं. आमच्या लाइनीत गिरजाबाई राहे, तीबी आमच्याच भंडाऱ्याकडची, ती मले म्हने का बाई, जुनवानीच्या पल्याड एक महाराज येऊन राहिले, आश्रम हाय, योग शिकवते, नुसत्या श्वासावर रोग काढते. जुनवानी तवा नुसतं खेडं होतं, आतासारख्या कॉलन्या कुठं. मीच नेलं त्यायले. ते येतच नोहते, म्हने हे साधू लोकं फुकटखाऊ राहते. मी म्हनलं चाला जी, पाहून त येऊ, तुमचं काय जाते.

दहा-बारा मातीच्या झोपड्या, आंब्याची झाडं, विहीर, मधात सारवलेला मोठा ओटा. महाराज उंच, बारीक, उत्तरेकडचे, हिंदीत बोलत. यायले समोर बसवलं, पाठ सरळ करवली, एक नाक दाबाले लावलं, म्हने श्वास घेऊ नको, श्वास सोड, तू घेतोस लई अन् सोडत नाहीस. मी मनात म्हनलं बरोबर बोलला, हा मानूस काहीच सोडत नाही. रोज पाळी सुटली का हे सायकलनं जाऊ लागले. अन् खोटं कावून बोलू, फरक पडला. छातीतली शिट्टी बंद झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाठ टेकून झोपले. मी साऱ्या लाइनीत गूळ वाटला, देवाले नारळ फोडला, त्या महाराजाले मनातून दंडवत घातला.

मंग कांदा सुटला. मंग चहा सुटला. मंग माह्या खाटेजवळून खाट दूर सरकली. मंग दोन-दोन दिवस तिथंच राहू लागले, तिथूनच कामावर जात, डब्बा न्याले तेवढे घरी येत. मंग एक दिवस म्हनले, मले तिथंच राहाचं हाय, कायमचं. नोकरी सोडतो. मी म्हनलं, अन् मी? त म्हनते, तूबी ये. मी म्हनलं मी कावून येऊ, मले कोनता दमा हाय? हासले नाही. पहिले हासले असते.

गिरजाबाईनं सांगतलं का तिथं नियम हाय, बायको हाव म्हनल्याबिगर मानसाले घेत नाही, आश्रमवासी करत नाही. झालं, मी पदर खोचला अन् पायीपायी गेली. सारे ओट्यावर बसले होते, हेबी होते डोळे मिटून. मी महाराजासमोर उभी राहून मोठ्यानं म्हनलं, मी नाही म्हनते. माहा हा एकच मानूस हाय, दुसरं माह्याजवळ काही नाही, मी नाही म्हनते, उद्याबी नाही म्हनन, परवाबी नाही म्हनन. महाराज रागावले नाही. हात वर करून म्हने ठीक है माई, आपकी हाँ के बिना यहाँ कोई नहीं रहेगा. कसा गोड मानूस वाटला मले तवा. घरी येताना बांधावरून तरोट्याची भाजी खुडून आनली, रांधली, पोटभर जेवली. मले वाटलं जितली.

यायनं कारखान्यातून सुट्टी टाकली अन् आश्रमात जाऊन बसले, म्हने महाराजांनी नुसतं साधनेले बसाची परवानगी देल्ली. पान्याचे दिवस सरले, यायचा पत्ता नाही. मी दोनदा गेली, दोनदाबी मौन हाय म्हनून परत पाठवलं. क्वार्टरात एकटी राहो. भोंगा वाजला का उगाच उठून उभी राहो.

दिवाळीच्या आंगं-मांगंची गोष्ट. सकाळी मी लाखोरीच्या डाळीचे वडे तळून राहिली होती, त्यायले आवडत म्हनून नाही, सन होता म्हनून, पन खरं म्हनलं त त्यायले आवडत म्हनूनच. भात नुकता उतरवला होता. भोंगा झाला अन् दारात सावली पडली. पाह्यलं त हे! पायरीवर उभे, अंगावर पांढरं धोतर, डोक्याले कपडा बांधलेला, वाळले होते बाई, गालाची हाडं वर आली होती. मांगं निंबाच्या झाडाखाली आश्रमातले दोन जन उभे. मी म्हनलं आले का जी, या, आत या. आत नाही आले. दोन्ही हातानं एक लाकडाचं भांडं समोर धरलं. बोलले नाही.

मंग काय केलं असतं मी? तुमीच सांगा. माहा हात गेला पातेल्यात. भात वाढला, वरतून वरन, बाजूले वडे, एक नाही, चार वडे ठेवले. मनात म्हनलं सुट्टी सरली, कामावर चालले, भुकेनं का होईना घराकडे वळले. वाढता वाढता मी खुश होती, खोटं नाही सांगत. पायात बूट नोहते त्यायच्या. अनवानी होते. बूट नाही म्हंजे आत येता येत होतं, तरी आत आले नाही, एवढी साधी गोष्ट माह्या ध्यानात नाही आली.

वाढून झालं अन् मांगच्या दोघांनी जयजयकार केला. यायनं ते भांडं खाली ठेवलं, वाकले, उंबरठ्याले हात लावला, मंग माह्या पायाले हात लावला अन् म्हनले, माई. मी माही साडी आवरून मांगं सरकली, असं कसं करता जी, बायकोच्या पाया पडते का कोनी? त्यायनं वर पाह्यलं. ते डोळे मी इसरत नाही, त्या डोळ्यात मी नोहतीच.

त्यायच्या आश्रमाची रीत होती ती. जो कायमचा राहाले येते त्याची पहिली भिक्षा सोताच्या घरून, घरच्या बाईच्या हातून. तिनं वाढलं म्हंजे तिनं सोडलं. तोंडानं हाव म्हना का नका म्हनू, हातानं देल्लं ते खरं. मले कोनी सांगतलं होतं का? त्याच दिवशी मी तशीच पिठाच्या हातानं जुनवानीकडे पळाली, महाराजाच्या पुढे बसून डोकं आपटलं, म्हनलं मी जेवन वाढलं जी, मानूस नाही वाढला. महाराज म्हने, माई, दिया हुआ वापस नहीं होता. मी म्हनलं मी नाही म्हनली होती ना सगळ्यासमोर? त म्हने, वो मुँह की बात थी. त्यायचा आवाज तसाच, गोड. हे मांगच्या रांगेत बसले होते, डोळे मिटून.

नोकरी सोडली. क्वार्टर कारखान्याचा, मानूस कारखान्यात नाही त क्वार्टर नाही. भांडे गिरजाबाईले देल्ले, खाट तिथंच सोडली. गावी भाऊ होता, तिथं गेली. भाऊ चांगला, भावजयबी वाईट नोहती, पन येनारी-जानारी बाई इचारे, नवरा मेला का? नाही. टाकलं का? नाही. मंग काय? काय सांगाचं? मेलेल्याची बाई राहते, टाकलेलीबी बाई राहते, अशी कोनती राहते जिनं सोताच्या हातानं भात वाढून नवरा घालवला? भावजय मले सनाले पुढे होऊ देत नसे अन् मांगंबी बसू देत नसे, तिलेच समजत नोहतं मले कुठं बसवाचं. एका सालात मी परत आली. सरळ आश्रमात. म्हनलं मले ठेवा, भांडे घासन. मनात काय होतं ते सांगू? मनात होतं का डोळ्यासमोर त राहीन.

महाराज म्हने रहो माई, पर रीत तो रीत है. तुमचीबी पहिली भिक्षा सोताच्या घरून. मी म्हनलं मले घर कुठं हाय? तुमीच त घेतलं. मंग त्यायनं इचार केला अन् म्हनले, जिथून निघालात तिथं जा. काय सांगू बाई, मी माह्याच क्वार्टरच्या दारात भांडं घेऊन उभी राहिली. आश्रमातल्या दोन बाया मांगं उभ्या. दाराले दुसरा रंग, उंबरठ्यावर तांदळाच्या पिठाची रांगोळी, आतून मोहरीच्या फोडनीचा वास. तेलगू बाई राहे तिथं, जवान होती, कडेवर पोर. तिनं मले पाह्यलं, माह्या तोंडाकडे पाह्यलं, अन् मोडक्या हिंदीत म्हने, अंदर आओ अम्मा, बैठो, खाना खाओ. मांगच्या दोघींनी नाही म्हनून मान हालवली. आत जाता येत नाही, रीत नाही. ती परत म्हने, अंदर आओ. माहा एक पाय उचलला होता जी. मंग तिनं तिथूनच मूठभर तांदूळ टाकले अन् मी वळली. माहा मानूस माह्या दारात आला तवा मीबी आत या म्हनलं होतं, पन एकदाच म्हनलं. तिनं दोनदा म्हनलं.

आश्रमवासी झाली त्या दिवशी मले विहिरीवर बसवलं, बांगड्या काढल्या, डोरलं काढलं, कुंकू मीच ओल्या पदरानं पुसलं. सारे ओट्यावर बसले होते, हेबी बसले होते, जिते, धडधाकट, श्वास कसा छान चालून राहिला होता. त्यायच्या समोर मी रांडावली अन् साऱ्यांनी भजन म्हटलं.

मंग रसोई. सारी उमर रसोई. ओळीनं बसलेल्या लोकांले वाढत जाचं, हा झाला का तो, थांबाचं नाही, कोनाच्या पानात जास्त टाकाचं नाही. त्यायची जागा खिडकीजवळ. त्यायचं नवं नाव ठेवलं होतं, ते माह्या जिभेवर कधी बसलं नाही, मी स्वामीजी म्हनो. ते मले माताजी म्हनत. जितकी माह्या हातानं त्यायनं त्या ओळीत जेवनं केली, तितकी घरी नाही केली. पन आतून बाहेर वाढनं अन् ओळीत वाढनं ह्याच्यात फरक राहते. योगबी केला मी, सकाळी सारे करत म्हनून केला. माहा श्वास पहिलेबी ठीकच होता.

एकडाव ते बिमार पडले. मी पेज घेऊन गेली, झोपडीत दुसरं कोनी नोहतं, दुपारची वेळ. मी म्हनलं एक इचारू का जी? त्यायनं मान हालवली. म्हनलं त्या दिवशी दारात आले तवा तुमाले मालूम होतं का, मले ती रीत मालूम नाही म्हनून? म्हनले, हाव. मी म्हनलं, मंग? त म्हनते, तू तोंडानं कधीच हाव म्हनली नसती. पन डब्बा समोर धरला त तू भरशीन, हे मले मालूम होतं. पेज गार होऊन राहिली, म्हनले, दे.

मी देल्ली. काय करू, नाही देऊ? माह्या हाताले दुसरं येतेच काय? पन त्या दिवशीपासून मले हे समजलं का मले महाराजानं नाही फसवलं, रीतीनं नाही फसवलं. इतकी वर्षं पायरीवर गुमान उभं राहून तो मानूस मले वाचत होता अन् मी समजत होती का आमी बोलून राहिलो. आमचं जे एक बोलनं होतं, तेच त्यायनं माह्यावर चालवलं. ह्याच्यापेक्षा मारलं असतं त बरं होतं.

ते गेले तवा मी कनिक मळत होती. रसोई पाहनाऱ्या मोठ्या माताजी दारातून म्हनल्या, आज एक पान कमी मांडा. मी इचारलं कोनाचं, त बोटानं खिडकीजवळची जागा दाखवली. मी एक पान कमी मांडलं. फोडाले बांगडी नोहती, पुसाले कुंकू नोहतं, ते सारं आगूदरच करून झालं होतं. कोनी माह्याजवळ आलं नाही, कारन माहं कोनी मेलं नोहतं. मी वाढत गेली, खिडकीपाशी हात थांबला, मांगून वाढत येनारी म्हने चला माताजी, पुढे चला.

आता महाराजबी नाही. जुनवानीत चारी बाजूंनी घरं झाली, आंब्याची झाडं गेली, सिविक सेंटरकडून पोट्ट्या गाडीवर येते, गुंडाळलेल्या चटया खांद्यावर घेऊन, घंटाभर योग करते अन् घरी जाते. मले पाह्यलं का हात जोडते, म्हनते माताजी, आपके चेहरे पे कितनी शांति है. शांति कायची हाय, तोंडावरचं सारं सुकून गेलं त ते शांतिवानीच दिसत असन. मले आता कोनाचा राग नाही, अन् कशाची आसबी नाही. दिवस उगोते, भात शिजते, मी वाढते.

उठून राहिली का? बस, झालंच माहं सांगून. आता तुले तू म्हनते, लेकीच्या वयाची हायेस. तुहा मानूस कामावरून येत असन, का तूच कामावर जात असशीन, आजकाल दोघंबी जाते. सुखी राहा. पन एक माहं आयक, तुहा मानूस दारात उभा राहिला त बाहेरच्या बाहेर वाढू नको. पायात बूट राहू दे, चिखल राहू दे, देव बाटले त बाटू दे. हाताले धर अन् आत घे.